उजेड होता, पट्टे नव्हते

माझी आत्या रफू करते. कोटाला ठिणगीनं भोक पडलं, चांगल्या पँटला खिळ्यानं ओरखडा गेला, लोकरीच्या शालीला कसरीनं हात दाखवला, की लोक आमच्या भागातल्या लाँड्रीत येतात. तिथं काचेलगत एका उंच स्टुलावर आत्या बसलेली असते. ती त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढते आणि भोकावर पुन्हा उभे-आडवे विणते. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देऊन म्हणते, "शोधा." गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करतं, उजेडात धरतं, शेवटी हसतं. कुणाला सापडलंच, तर आत्या निमूटपणे कपडा परत घेते आणि सगळं उसवते.

आत्यानं लग्न केलं नाही. "वेळच झाला नाही," एवढंच ती सांगते, आणि त्यावर पुढे विचारायची कुणाची छाती नाही. आमच्या घरापासून दोन इमारती सोडून तिची एक खोली आहे. तिथं तिचं तिचं राज्य. कुणावर ओझं व्हायचं नाही, हा तिचा पहिला नियम.

तिला एकच छंद, आकाश बघायचा. आजोबांनी तिच्या लहानपणी जुन्या बाजारातून भिंगाची एक दुर्बीण आणली होती. लांब, सडपातळ पितळी नळी आणि पुढे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं भिंग. आत्या संध्याकाळी दुकानातून आली की हातपाय धुऊन ती घेऊन गच्चीवर जायची. मी एकदा विचारलं, "थकत नाहीस का गं? दिवसभर डोळे फोडतेस, वर पुन्हा हे!"

"दिवसभर वीतभर अंतरावर बघते," ती म्हणाली. "जरा लांबचं बघितलं की डोळ्यांचा शीण जातो."

चंद्रापेक्षा तिचा जीव गुरूवर. गुरूच्या अंगावर दोन तपकिरी पट्टे असतात. आजोबांच्या दुर्बिणीतून ते मोहरीच्या दाण्यावर ओढलेल्या रेघांसारखे दिसत. चित्र बारीक, जरा अंधुकही, पण रेघा स्वच्छ. आत्या ते पट्टे लहानपणापासून बघत आली होती. ओळखीच्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्यांसारखे ते तिला पाठ होते.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. कारखान्यात लेथवर जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, कड्या, नळ दुरुस्त करून टाकले. दुरुस्त करायला काही उरेना तेव्हा आईच्या डोक्याला ताप झाला. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "ताईला मोठी दुर्बीण करून देतो. खरीखुरी. आरशाची."

त्यांचा शाळेपासूनचा मित्र म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याला आरसे घासायचा नाद होता. दोघांनी मिळून आमच्या मागच्या खोलीत ताटाएवढी जाड काच घासायला घेतली. काचेवर काच, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड, आणि घर्र-घर्र असा आवाज. आई म्हणायची, "पिठाची गिरणी काढली असती तर निदान पीठ तरी मिळालं असतं." काच घासून खोलगट झाली, बाहेर पाठवून तिच्यावर चकाकीचा थर चढवून आणला. बाकीचं सगळं बाबांनी एकट्यानं केलं, कुणाला हात लावू दिला नाही. नळी, ती ठेवायची लाकडी बैठक, नळीच्या तोंडाशी लागणारा दुसरा, आडवा आरसा धरायचे हात. जे जे केलं ते भक्कम आणि चकचकीत. नळीला आतून काळा ऑइलपेंट दिला, तोही असा की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे आमच्या गच्चीवर जमलो. दिवस नुकताच मावळला होता आणि गुरू समोरच, चांगला वर आलेला. पण बाबांनी आधी चंद्र लावला. आईनं डोळा लावला आणि "अगं बाई!" म्हणून मागे सरली. डोळे दिपावेत असा उजेड. मग गुरू. बाबा स्वतःच आधी बघून म्हणाले, "दिवा आहे की ग्रह! ये ताई, बघ. एवढा उजेड तुझ्या त्या नळकांड्यात कधी दिसला होता का?"

आत्या वाकली. बराच वेळ बघत राहिली. एक डोळा, मग दुसरा. मग पदरानं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"काय गं? दिसतंय ना?"

"दिसतंय," आत्या म्हणाली. "खूप उजेड आहे, बाळ्या. फार छान केलीस."

बाबा साठी उलटलेले, पण तिच्यासाठी बाळ्याच. ते इतके खूश झाले की त्यांना तिचा चेहरा दिसला नाही. मला दिसला होता. पण मला वाटलं, भावानं एवढं केलं म्हणून तिचं मन भरून आलं असेल.

त्यानंतर आत्या गच्चीवर यायची बंद झाली. आज पाय दुखतोय, उद्या काम जास्त आहे, परवा डोकं चढलंय. बाबा रोज संध्याकाळी दुर्बीण मांडायचे आणि जिन्याकडे कान लावून बसायचे. शेवटी तेही मांडेनासे झाले.

मला खरी गोष्ट कळली ती लाँड्रीवाल्यांकडून. माझे कपडे घ्यायला गेले होते, तर ते काउंटरवरून पुढे वाकून हळूच म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंचं काय बिनसलंय? काळ्या कपड्याला हात लावत नाहीत. निळा कोट एकदा रफू केला, उसवला, पुन्हा केला, पुन्हा उसवला. आणि परवा मला म्हणतात, दुसरं कुणी माणूस बघून ठेवा."

मी तशीच आत्याच्या खोलीवर गेले. ती दिवा न लावता बसली होती. मी दिवा लावला आणि समोर बसून म्हणाले, "आता सांग."

आधी तिनं टोलवाटोलवी केली. मग बोलली.

"त्या दिवशी गुरूवर पट्टे नव्हते गं."

"म्हणजे?"

"नव्हते म्हणजे नव्हते. नुसता पांढरा गोळा. केवढा तरी उजेड, पण सगळं फिकं. नीट ताण देऊन बघितलं तर काहीतरी मळकट असल्याचा भास. बाळ्याला दिसत होतं, तुला दिसत होतं, तुम्ही सगळे नाचत होतात. मलाच नाही. आईचं असंच सुरू झालं होतं."

आजीची गोष्ट मला ऐकून माहीत होती. आजीही रफूच करायची, आत्या तिच्याच हाताखाली शिकली. उतारवयात आजीच्या डोळ्यांचे पडदे खराब होत गेले. ती म्हणायची, "उजेड आहे, पण सगळं फिकं आहे." काळा आणि निळा धागा तिला सारखाच दिसू लागला. घरच्यांनी चष्मा बदलला, पुन्हा बदलला, आणि डॉक्टरकडे नेलं तोवर फार उशीर झाला होता. शेवटची काही वर्षं आत्याच तिला हाताला धरून फिरवायची.

"अगं, मग दाखवायचं नाही का डॉक्टरला?"

"दाखवलं की ते सांगणार. सांगितलं की ते खरं होणार."

"आणि आजोबांच्या दुर्बिणीतून बघितलंस का परत?"

ती म्हणाली, "धीर नाही झाला. त्यातूनही दिसले नाहीत तर?"

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली आणि तिला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाबांना काही सांगायचं नाही, ही तिची अट.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. बोलायला मऊ, पण हात एकदम कामाचा. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालायच्या आधीच त्यांनी आत्याला एक तक्ता वाचायला दिला. त्यावरची अक्षरं लहान होत जात नव्हती, सगळी एकाच मापाची. फक्त खाली जावं तशी फिकट होत जाणारी. वरची काळीभोर, मधली करडी, आणि शेवटची तर कागदावर सावली पडावी तशी.

"कुठवर दिसतंय ते वाचा," त्या म्हणाल्या.

आत्यानं वाचायला सुरुवात केली. हाताची मूठ घट्ट. काळी झाली, करडी झाली, आवाज जरा सुटला. खालच्या ओळींवर तर मी माझ्या बाजूनं डोळे ताणत होते आणि मला काही लागत नव्हतं. आत्या वाचत गेली. शेवटच्या ओळीला थबकली आणि म्हणाली, "इथं काहीतरी आहे, पण नक्की सांगवत नाही."

"तिथं कुणालाच नक्की सांगवत नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "माझ्या इथं तुमच्या वयाची माणसं दोन ओळी आधीच थांबतात."

मग थेंब, अंधारी खोली, यंत्राचा तो बारीक झगझगीत उजेड, वर बघा, खाली बघा, डावीकडे. मी दाराशी उभी. आत्याचे पाय स्टुलाच्या दांडीवर एकमेकांत अडकवलेले होते, शाळेतल्या मुलीसारखे.

"आईला त्रास होता म्हणालात, म्हणून नीट बघितलं," डॉक्टरीणबाई दिवा लावून म्हणाल्या. "दोन्ही पडदे स्वच्छ आहेत. दाब व्यवस्थित आहे. वयानुसार जेवढं व्हायचं तेवढंच झालंय. जवळचा नंबर थोडा वाढलाय, काळ्या-निळ्याचा गोंधळ त्यानं झाला असेल. चष्मा बदला आणि वर्षातून एकदा दाखवत जा. बस्स."

"बस्स?" आत्यानं विचारलं.

"बस्स."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर आत्या धपकन बसली. थेंबांमुळे तिला नीट दिसत नव्हतं आणि ती हसत होती. हसता हसता रडायला लागली. शेजारच्या बाकड्यावरच्या एका आजोबांनी तिच्याकडे बघून मला हळूच विचारलं, "फार वाईट सांगितलं का हो?"

"नाही हो," आत्याच नाक पुसत म्हणाली. "फार चांगलं सांगितलं. साप साप म्हणून भुई धोपटत होते मी."

रिक्षात बसल्यावर मात्र ती एकदम ताठ झाली. "मग पट्टे गेले कुठे?"

बाहुल्या ताळ्यावर आल्यावर, दुसऱ्या संध्याकाळी, तिनं कपाटावरून आजोबांची दुर्बीण काढली. आम्ही दोघीच तिच्या गच्चीवर गेलो. तिनं गुरू लावला, डोळा टेकवला आणि लगेच बाजूला होऊन मला म्हणाली, "बघ." मी बघितलं. इवलासा, मंद गोळा, आणि त्यावर दोन रेघा. बारीक सुईनं घातलेल्या टाक्यांसारख्या.

मोठ्या दुर्बिणीतून मी पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा मला पट्टे दिसायला हवे होते हेच ठाऊक नव्हतं. नाचणाऱ्या आम्हा सगळ्यांचं तेच. आत्यानं आम्हाला न विचारता परस्पर ठरवून टाकलं होतं की आम्हाला दिसताहेत.

आता बाबांना सांगणं आलं. आत्यानं सकाळी चहाच्या वेळी येऊन सरळ सांगितलं. डॉक्टरकडे गेल्याचं, आजीचं, सगळं. बाबांचा कप हातातच राहिला.

"म्हणजे माझी दुर्बीण आंधळी?"

"तसं नाही रे."

"मग कसं? एवढा ताटाएवढा आरसा! तुझ्या त्या कपापेक्षा कितीतरी पट उजेड गोळा करतो. आणि त्यात दिसत नाही, आणि त्या नळकांड्यात दिसतं?" ते उठून गॅलरीत गेले. आईनं माझ्याकडे बघून खूण केली, जरा थांब. थोड्या वेळानं ते परत आले, आत्याच्या समोर बसले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "डोळे नक्की ठीक आहेत ना?"

"नक्की."

"मग दुर्बीण गेली खड्ड्यात. मला वाटलं तुला ती आवडली नाही म्हणून तू येत नाहीस. नंतर वाटलं तुला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि तू सांगत नाहीस." त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "चष्मेवाल्याला बोलावतो."

चष्मेवाला काका रविवारी आले, भर दिवसा. रात्रीची वाट कशाला बघायची, म्हणाले. त्यांनी दुर्बीण गच्चीच्या भिंतीकडे वळवली, डोळ्याला लावायचं भिंग काढून ठेवलं आणि त्या भोकातून नुसत्या डोळ्यानं आत बघितलं. मग पुढच्या तोंडातून बघितलं. मग बाबांकडे बघितलं.

"अरे, हा आडवा आरसा एवढा मोठा कशाला बसवलास?"

मोठ्या आरशात जमलेला उजेड नळीच्या बाहेर डोळ्याकडे वळवायला तोंडाशी, बरोबर मधोमध, एक छोटा तिरका आरसा लागतो. बाबांनी बसवलेला हा छोटा आरसा ताटात ठेवलेल्या मोठ्या वाटीएवढा होता. आणि तो धरायला चार जाडजूड लोखंडी पट्ट्या.

"हाताशी होता," बाबा म्हणाले. "म्हटलं, जेवढा मोठा तेवढा बरा. आणि त्यानं अडतो किती? उजेड तर भरपूर येतोय."

"उजेड येतोच आहे. उजेडाची तक्रार कुठाय? मोठा आरसा म्हणजे मोठं तोंड असलेलं भांडं, जास्त गोळा करणारच. पण मधे अडथळा आला की नुसता तेवढा उजेड कमी होऊन भागत नाही. उरलेला उजेड त्याच्या कडेला विस्कटतो. ग्रहाचा पांढरा भाग शेजारच्या तपकिरी पट्ट्यावर सांडतो. पांढरं थोडं मळतं, गडद थोडं उजळतं, आणि शेवटी दोन्ही एकमेकांसारखी दिसायला लागतात. तुझ्या वडलांच्या दुर्बिणीत पुढे भिंग आहे, मधे काहीच नाही. म्हणून ती लहान असून चोख."

"गव्हाळ कापडावर गव्हाळ धागा," आत्या म्हणाली.

"अगदी. तुम्हाला दुकानात ते हवं असतं, इथं नकोय."

"आणि ही नळी," काका आत हात घालत म्हणाले, "ही कुणाच्या लग्नाला चाललीय? केवढी चमकवलीस! शेजारच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा थेट हिच्या भिंतीवर पडत असणार आणि तिथून डोळ्यात. सगळ्या चित्रावर पातळ दूध ओतल्यासारखं."

बाबा जरा वेळ आपल्या चकचकीत नळीकडे बघत राहिले. जन्मभर ज्या माणसानं लोखंड आरशासारखं करून दाखवलं, त्याला चमक हा दोष आहे हे पटवून घ्यायला वेळ लागणारच. मग म्हणाले, "मग काळा रंग खरवडू?"

"खरवडू नकोस. वरून फळ्याचा काळा दे, शाळेतला, खरखरीत."

त्या आठवड्यात आमच्या घरात उत्साहाला उधाण आलं. काकांनी त्यांच्या डब्यातला एक लहान तिरका आरसा दिला, उपड्या ठेवलेल्या आमटीच्या पळीएवढा. बाबांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याची नवी बैठक लेथवर कातली आणि जाड पट्ट्यांच्या जागी पातळ पोलादी पात्या ताणून बसवल्या. डोळ्याच्या भिंगाच्या बरोबर समोर, नळीच्या आतल्या बाजूला, काय लावावं यावर चर्चा झाली. आत्यानं दुकानातून काळ्या कापडाचे तुकडे आणले आणि खिडकीशी तिरके धरून एकेक दाखवले. साटीन चमकतं, सुती करडं पडतं, मखमल उजेड पिऊन टाकते. मखमल लावायचं ठरलं. "बाई, सोफ्याला लावा उरली तर," आई म्हणाली. नळीच्या तोंडाशी पुढे काळ्या पुठ्ठ्याचं नळकांडं जोडलं, म्हणजे जिन्यातला दिवा आत डोकावणार नाही.

दरम्यान आत्या दुकानात गेली होती. लाँड्रीवाल्यांना म्हणाली, "ते दुसऱ्या माणसाचं बोलले होते ना मी..."

"कोणतं माणूस?" ते म्हणाले. "मी कुणाला बघितलंच नाही. तुम्ही आज रागावलात, उद्या याल, असं धरून चाललो होतो." आणि त्यांनी काउंटरखालून तो निळा कोट काढून तिच्यापुढे ठेवला. नवा चष्मा लावून आत्यानं तो दुपारपर्यंत संपवला.

सगळं जमलं तो दिवस ढगाळ निघाला. दुसराही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाश मोकळं झालं. दुर्बीण बाबांनी ऊन उतरताच गच्चीवर नेऊन ठेवली होती. काका म्हणाले होते, आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला पाहिजे, नाहीतर चित्र पाण्यात हलल्यासारखं हलतं. काका स्वतः आले नव्हते. "तुमचं तुम्ही बघा, मला निकाल कळवा," म्हणाले.

बाबांनी गुरू लावला, पण स्वतः बघितलं नाही. बाजूला झाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

आत्या वाकली. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"ताई?"

"थांब रे."

"दिसतंय का?"

"अरे, थांब म्हणते ना! मोजतेय."

"काय मोजतेस?"

"पट्टे. दोन मोठे तर आहेतच. वर एक बारीक आहे. खाली अजून एक आहे, अगदी अस्पष्ट. आणि मोठ्या पट्ट्याची कड... कड सरळ नाहीये रे. कुरतडल्यासारखी आहे. खालच्या कडेला एक खळगा." तिचा आवाज चढत गेला. "हे त्या नळकांड्यात कधीच दिसलं नव्हतं, बाळ्या. कधीच!"

बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता आरशावर धुकं बसणार. "बघू, बघू," म्हणत त्यांनी तिला कोपरानं सरकवायचा प्रयत्न केला, पण आत्या हलली नाही. शेवटी आईनं दोघांना दटावलं आणि स्वतःच मधे घुसून डोळा लावला.

"हे तपकिरी तपकिरी ते पट्टे का?" आईनं विचारलं. "मग आधी का नाही सांगितलंत की हे दिसायला हवं होतं? मी उगीच त्या दिवशी कौतुक केलं."

आम्ही पोट धरून हसलो. बाबा सगळ्यात जास्त.

मग माझी पाळी आली. मी बराच वेळ बघितलं. खळगा मला काही सापडला नाही, तसं मी आत्याला सांगितलंही. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाई करू नकोस. नजर तिथंच ठेव, हवा स्थिर होऊ दे. मधेच एक क्षण येतो, तेव्हा दिसतं."

बाबा एव्हाना आईला समजावत होते की याहून दीडपट मोठा आरसा मागच्या खोलीत सहज मावेल. आई नको म्हणत होती. मी डोळा लावून, आत्यानं सांगितल्याप्रमाणे, वाट बघत राहिले.